म्युझिक सर्व्हरला जुना चार्जर नको

घरच्या गाण्यांसाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक भरपूर झाला, पण त्याला ड्रॉवरमधला जुना मोबाइल चार्जर जोडू नका. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडाप्टरच घ्या. पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून जेमतेम १.२ अँपिअर मिळतात. त्यावरच डॅक (डिजिटल गाण्याचं अ‍ॅनालॉग आवाजात रूपांतर करणारं उपकरण) आणि हार्ड डिस्क दोन्ही टाकलं, की डिस्क फिरायला लागताना टकटक करते आणि ऐन आलापात गायब होते. डिस्क स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेल्या यूएसबी हबवर घ्या, डॅक थेट पायला. महागड्या लिनिअर सप्लायचं, म्हणजे विजेतला गोंगाट कमी ठेवणाऱ्या वीजपुरवठ्याचं, मग बघू. डॅक चांगला असेल तर बहुतेकांना असा सप्लाय लागत नाही, असं माझं मत. वारंवार लाइट जात असेल तर छोटा यूपीएस मात्र हवाच, नाहीतर मेमरी कार्ड बिघडायची भीती.