मत्तय 18:15–17: मंडळीतला वाद मिटवताना हा क्रम कसा पाळावा

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दोघांचं बिनसलं की बातमी आधी शेजाऱ्याला कळते, मग पंच कमिटीला, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला सगळ्यांत शेवटी. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला क्रम नेमका उलटा आहे: आधी त्याच्याशी एकांतात बोला, मग एक-दोघांना सोबत न्या, आणि शेवटी मंडळीला सांगा. या वचनांच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला येतो आणि नंतर क्षमेविषयी पेत्राचा प्रश्न. म्हणजे हेतू भाऊ परत मिळवण्याचा आहे, त्याला बाहेर काढण्याचा नाही.

पहिली पायरी एकांताची. बहुतेक वाद इथेच बिघडतात, म्हणून घाई करू नका. समोरासमोर भेटा; व्हॉट्सअॅपवर लिहिलेल्या मजकुराला आवाज नसतो आणि तो पुढे पाठवता येतो. रविवारी उपासना सुटल्यावर दारात गाठू नका, वेळ ठरवून भेटा. एकच घटना घ्या: काय झालं, कधी झालं, त्याने तुम्हाला काय सोसावं लागलं. ‘तू नेहमीच असा वागतोस’ हे वाक्य टाळा, कारण त्याला उत्तर देता येत नाही. त्याच्या मनात काय होतं ते तुम्ही सांगू नका, विचारा. आणि मग त्याचं पूर्ण ऐका. चूक तुमचीही निघू शकते. भेटीआधी कुणालाही सांगू नका, ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणूनही नाही; चहाडी याच वाटेने सर्वांत जास्त पसरते. एका भेटीत जमलं नाही तर पुन्हा जा. एकदाच जावं, असं वचनात कुठेही म्हटलेलं नाही.

नाहीच ऐकलं, तर एक-दोघांना सोबत घ्या. दोन किंवा तीन साक्षीदारांचा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला (19:15) आहे. नातेवाईक किंवा धंद्यातले भागीदार नकोत. दोघांनाही ज्यांच्याबद्दल आदर आहे अशी माणसं हवीत. त्यांना आधी स्वतःची बाजू पटवून नेलंत, तर समोरच्याला तो वेढाच वाटेल. त्यांनी दोघांचं ऐकावं आणि काय ठरलं ते तारखेसह लिहून ठेवावं.

मंडळीपुढे विषय न्यायचाच तर फक्त सभासदांच्या सभेत न्या. लेखी नोंद वाचा आणि आरोप असलेल्याला बोलू द्या. तरीही तो मानत नसेल, तर त्याला परराष्ट्रीय व जकातदारासारखा, म्हणजे बाहेरचा, समजावं, असं वचन सांगतं. पण येशू जकातदारांच्या पंगतीला बसत होता आणि मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठून आला होता. तेव्हा प्रभुभोजन (उपासनेतला भाकर व द्राक्षारसाचा विधी) व जबाबदारीची पदं थांबवा, पण त्याच्या घरी जाणं थांबवू नका.

एक गोष्ट ठामपणे पाळा: लैंगिक अत्याचार, मारहाण किंवा मुलांचा छळ असेल तर हा क्रम लावू नका. पीडितेला एकटीने अत्याचाऱ्यासमोर पाठवणं क्रूरपणा आहे. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांची खबर पोलिसांना देणं पॉक्सो कायदा, 2012 नुसार बंधनकारक आहे. मंडळीने ते आपसात मिटवायचं नसतं. बालकांसाठी हेल्पलाइन 1098 आहे.

माणूस पश्चात्ताप करून परतला की ज्यांनी आरोप ऐकला होता, त्याच सर्वांना समेटही कळवा. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात हेच सांगितलं (2 करिंथ 2:6–8): शिक्षा पुरे झाली, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. प्रभुभोजनाला त्याला कधी परत घ्यायचं, ती तारीख समेटाच्या भेटीतच ठरवा.