नाकाचं ऑपरेशन ठरलंय? या चुका टाळा

‘ऑपरेशन केलं, तरी नाक चोंदतंच’ ही तक्रार कान-नाक-घसा तज्ज्ञांना नवी नाही. त्यात दर वेळी सर्जनचा हात चुकलेला असतो असं नाही. बऱ्याचदा दुखणं एका जागी असतं आणि ऑपरेशनकडून अपेक्षा भलतीच असते. कधी ऑपरेशन व्यवस्थित होतं आणि सगळा घोळ पुढच्या पंधरा दिवसांत घरी होतो.

नेमकं कशाचं ऑपरेशन, हेच न विचारणं

‘नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन सांगितलंय’ एवढ्या माहितीवर लोक तारीख घेऊन मोकळे होतात. नाकाच्या मधोमध एक पडदा असतो, पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा. तो एका बाजूला कलला असेल तर सरळ करतात, ती सेप्टोप्लास्टी. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टर्बिनेट नावाच्या मांसल घड्या असतात. आत येणारी हवा गरम आणि ओलसर करणं हे त्यांचं काम. त्या सतत फुगलेल्या राहत असतील तर त्यांचा आकार कमी करतात. सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, तोंडं मोकळी करणं किंवा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेले मऊ फुगे, काढणं हे दुर्बिणीतून होतं. आणि नाकाचा बाहेरचा आकार बदलायचा असेल तर ती ऱ्हायनोप्लास्टी.

यातलं तुमचं कोणतं? कधी दोन एकत्र करतात, पण कोणती दोन आणि का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सेप्टोप्लास्टी बहुतेक वेळा नाकपुडीच्या आतूनच होते. बाहेर टाके दिसत नाहीत आणि चेहराही बदलत नाही. वाकडं नाक सरळ दिसेल या आशेने ती करून घेणाऱ्यांची निराशा होणारच. आकारही बदलून हवा असेल तर ते आधी बोला.

टर्बिनेटबद्दल एक प्रश्न जरूर विचारा: किती भाग कमी करणार? त्या घड्या प्रमाणाबाहेर कापल्या तर आत जागा भरपूर होते, पण नाक कोरडं पडतं आणि हवा आत जातेय हे जाणवतच नाही. मोकळ्या नाकाने गुदमरल्यासारखं वाटणं हा त्रास दुर्मिळ असला, तरी तो निस्तरणं फार अवघड असतं.

रिपोर्टमध्ये ‘पडदा वाकडा’ दिसला की घाई करणं

पडदा थोडाफार वाकडा असणं अगदी सर्वसाधारण आहे. असंख्य लोक तसा पडदा घेऊन आयुष्यभर सुखाने श्वास घेतात. त्यामुळे प्रश्न पडदा वाकडा आहे का हा नसून, तुमचा त्रास त्याच्यामुळे आहे का, हा आहे.

हे थोडंफार स्वतःलाही तपासता येतं. निरोगी नाकातही दर काही तासांनी एका बाजूच्या टर्बिनेट फुगतात आणि दुसऱ्या बाजूच्या उतरतात. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी जास्त चोंदते. म्हणजे तुमचं नाक कधी डावीकडे, कधी उजवीकडे बंद होत असेल, तर संशय आधी सुजेवर किंवा ॲलर्जीवर घ्यायचा. कायम एकाच बाजूला अडत असेल, तर पडद्याकडे बोट दाखवता येईल. आणखी एक गोष्ट करून पाहा. गाल बोटांनी हळूच बाहेरच्या बाजूला ओढा आणि नाकाने श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर नाकपुडीच्या आतली अरुंद जागा, म्हणजे नेझल व्हॉल्व्ह, खचत असण्याची शक्यता असते. हे सर्जनला आवर्जून सांगा. व्हॉल्व्हकडे दुर्लक्ष करून नुसता पडदा सरळ केला, तर नाक पूर्वीसारखंच अडतं.

औषधांना नीट संधी न देणं ही याच घाईची दुसरी बाजू. स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे दोन दिवस मारून ‘काही फरक नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. तो रोज, काही आठवडे मारावा लागतो. फवाऱ्याचं तोंड मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरायचं, नाहीतर औषध पडद्यावर आदळतं आणि घोळणा फुटतो. उलट नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब आठवडाभराच्या वर वापरले, तर त्यांच्यामुळेच नाक पुन्हा पुन्हा चोंदतं. महिनोन्‌महिने हे थेंब घालणाऱ्याने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते सोडावेत, मग ऑपरेशनचा विचार करावा.

‘एकदा केलं की सुटलो’ असं धरून चालणं

ॲलर्जी चाकूने जात नाही. शिंका, खाज, पाणी गळणं हे ऑपरेशननंतरही राहू शकतं आणि त्याचे उपचार चालू ठेवावे लागतात. पॉलिपही पुन्हा येऊ शकतात. सायनसच्या ऑपरेशनने वाट मोकळी होते, ती स्प्रे आणि मिठाचं पाणी आतपर्यंत पोहोचावं यासाठी. ऑपरेशन झालं म्हणून नेमका स्प्रेच बंद करणं हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे, असं माझं मत.

घोरणं आणि झोपेत श्वास थांबणं यांचंही तसंच. नाक मोकळं झाल्याने झोप सुधारू शकते आणि झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅपचं मशीन लावणं सुसह्य होतं, पण झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, बहुधा केवळ नाकाच्या ऑपरेशनने जात नाही.

चालू असलेल्या गोळ्या न सांगणं, किंवा परस्पर बंद करणं

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल या सगळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ‘नैसर्गिक आहे, त्यात काय सांगायचं’ म्हणून लोक नेमक्या शेवटच्या गोष्टी वगळतात. दुसरीकडे हृदयासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवणं ऑपरेशनपेक्षा धोक्याचं ठरू शकतं. ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे ती लिहून देणारे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. सिगारेट मात्र जितकी आधी सुटेल तितकी बरी, कारण धुराने जखम भरायला वेळ लागतो. ताप किंवा जोराचं पडसं असेल तर लपवू नका, तारीख पुढे ढकलता येते.

पहिल्या दोन-तीन दिवसांना घाबरणं

खरं तर इथे दुखण्यापेक्षा अवघडलेपण जास्त असतं. नाकात पॅक, म्हणजे रक्त थांबवायला ठेवलेला बोळा, असेल तर तो साधारण २४ ते ४८ तासांत काढतात. आजकाल बरेच सर्जन पॅकऐवजी आतून टाके घालतात किंवा विरघळणारं साहित्य ठेवतात. पडद्याला आधार म्हणून सिलिकॉनचे स्प्लिंट, म्हणजे पातळ पट्ट्या, असतील तर ते साधारण आठवडाभराने निघतात. तोवर तोंडानेच श्वास घ्यायचा. तोंड कोरडं पडतं, जेवणाची चव लागत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. लालसर गुलाबी पाझर दोन-तीन दिवस चालतो, म्हणून नाकाखाली गॉझची घडी लावून ठेवतात. सेप्टोप्लास्टीनंतर वरचे पुढचे दात किंवा त्यामागचा टाळूचा भाग काही आठवडे बधिर वाटू शकतो. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की माणूस धसका घेतो.

पॅक निघाल्यावर एखादा दिवस छान वाटतं, मग आतली सूज आणि खपल्या यांनी नाक पुन्हा बंद होतं. ‘वाया गेलं’ ही भावना इथेच येते. ही सूज उतरायला काही आठवडे लागतात.

नाक शिंकरणं, खपली उकरणं, वजन उचलणं

साधारण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून मोकळी होऊ द्यायची. उशी उंच घ्या. वाकून करायची कामं, व्यायाम, कडकडीत गरम पाण्याची अंघोळ हे सगळं तेवढ्या काळापुरतं बाजूला ठेवा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, सगळं ठीक वाटत असतानाच, रक्तस्राव पुन्हा होऊ शकतो. विमानप्रवास करायचा असेल तर सर्जनला विचारूनच तिकीट काढा.

खपली बोटाने काढण्याचा मोह आवरत नाही, हे खरं. पण तिच्याखालची त्वचा कोवळी असते, आणि सतत उकरल्याने पडद्याला भोक पडल्याची उदाहरणं आहेत. खपल्या मऊ करायचा मार्ग म्हणजे मिठाचं पाणी.

नाक धुताना नळाचं पाणी वापरणं

डॉक्टरांनी धुवायला सांगितलं की सुरू करा, पण पाणी डिस्टिल्ड किंवा किमान १ मिनिट खळखळ उकळून कोमट केलेलंच घ्या. साध्या पाण्यातून नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हे क्वचितच होतं, पण झालं तर बहुधा जीवघेणं ठरतं. सुमारे २४० मिली पाण्याला अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा पुरतो. मीठ न घालता नुसतं पाणी घेतलं तर झोंबतं. बाटली रोज स्वच्छ करा.

‘उद्या बघू’ म्हणून धोक्याची खूण टाळणं

रक्त वाहू लागलं तर मान मागे टाकू नका. पुढे झुकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत १० ते १५ मिनिटं सलग धरा, तोंडात आलेलं रक्त थुंका. मध्येच सोडून ‘थांबलं का’ बघत राहिलं तर थांबत नाही. एवढं करूनही वाहत असेल तर थेट दवाखाना. पॅक किंवा स्प्लिंट असेल तर घरी चिमटी धरत बसण्याऐवजी लगेच फोन करा.

दोन्ही बाजू बंद होत जाणं, वाढता ठणका आणि ताप अशी साथ दिसली, तर पडद्याच्या आत रक्त साकळलं असू शकतं. कूर्चेला पोषण तिच्या अस्तरातून मिळतं. मध्ये रक्त साचून अस्तर सुटलं की कूर्चा मरते आणि नाकाचा मधला भाग खचतो. यात तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. पॅक असताना जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ, चक्कर आली तर तेही तातडीचं. सायनसच्या ऑपरेशननंतर डोळा सुजला, दृष्टी अंधुक झाली, किंवा वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ, खारट थेंब गळू लागला, तर पडसं समजून बसू नका. असा थेंब म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी गळत असण्याची खूण असू शकते. मध्यरात्र असली तरी निघा.

आरशात रोज निकाल पाहणं

ऱ्हायनोप्लास्टी केलेल्यांसाठी हे खास. डोळ्यांखालचे काळेनिळे डाग एक-दोन आठवड्यांत जातात, पण नाकाच्या टोकाची सूज उतरायला वर्षभर लागू शकतं. त्या काळात नाक रुंद, बोथट, कधी किंचित तिरकंही दिसतं. चष्मा सुरुवातीचे काही आठवडे नाकाच्या हाडावर टेकवायचा नसतो, म्हणून त्याची सोय आधी विचारून ठेवा. आकार खरंच मनासारखा झाला नाही तरी दुरुस्तीचं ऑपरेशन साधारण वर्षभर थांबूनच करतात. तीन महिन्यांत दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला हरकत नाही, तारीख मात्र घेऊ नका.