शोकेसमधला रणगाडा रिमोटवर चालवताना या चुका टाळा

शोकेससाठी बनवलेल्या रणगाड्याच्या किटला मोटर लावून ते रिमोटवर चालवण्याची हौस अलीकडे बऱ्याच जणांना लागली आहे. मात्र किटचा खोका उघडण्याआधीच मोटर, रिमोट आणि बॅटरी मागवणाऱ्यांचा उत्साह पाहिला की पुढे काय होणार, हे मला ठाऊक असते. रणगाडा जागचा हलत नाही, दोष मोटरला दिला जातो, तिच्या जागी अधिक ताकदीची मोटर येते आणि तीही थोड्याच वेळात तापते. माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या मॉडेलांत मोटर बहुधा ठणठणीत असते. अडलेली असतात ती चाके.

किटमधील चाके आणि आस दोन्ही पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असतात, कारण ती सतत फिरावीत अशी अपेक्षाच नसते. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि प्लास्टिकवर प्लास्टिक घासत राहिले तर आसाच्या एवढ्याशा पृष्ठभागाला तेवढे तापणे अवघड नसते. आमच्या पेठेतील एका तालीम मंडळाने गणेशोत्सवात १९६५ च्या भारत-पाक युद्धातील असल उत्तरच्या लढाईचा देखावा केला होता. भारतीय बाजूचा सेंच्युरियन रणगाडा चालताच हवा, असा पोरांचा आग्रह होता. त्यांनी कोणाच्या तरी कपाटातील तयार मॉडेल आणले, तापवलेल्या पात्याने त्याचे पोट कापले आणि ग्लू गनने दोन मोटरी चिकटवून दिल्या. देखाव्यातील उसाचा फड मात्र अस्सल होता. कोल्हापुरात उसाला काय तोटा! ऐन गर्दीच्या वेळी रणगाडा पाकिस्तानी पॅटन रणगाड्याकडे जाण्याऐवजी डावीकडे ओढू लागला आणि अखेर उसात घुसून घरघरत उभा राहिला. बाजूचे पत्रे काढून पाहिले तेव्हा डावीकडील तिसऱ्या चाकाचे भोक वितळून आसाला घट्ट चिकटलेले होते. ते दिसत असतानाही पोरांनी माझ्याकडे मागितली ती आणखी वेगवान मोटर!

यावर माझा उपाय जुनाच आहे. प्लास्टिकचा आस कापून टाकावा, त्या जागी २ मिलिमीटरची पोलादी सळई बसवावी आणि चाकात तिच्यावर सैल फिरणारे पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, घालावे. उद्यमनगरातील एखाद्या लेथवाल्याला नमुना दाखवला तर तो असे बुश सहज कापून देतो. फक्त त्याच्या हातात मोठे काम असताना घाई करू नये. वंगण म्हणून सिलिकॉन ग्रीस वापरावे. शिलाई मशीनचे तेल घरात असते म्हणून सोडणारे पुष्कळ आहेत, परंतु खनिज तेलाने ताणाखालील पॉलिस्टायरीनला तडे जाऊ शकतात. मोटर बसवण्यापूर्वी मी ट्रॅक (चाकांभोवतीचे पट्टे) चढवलेली गाडी एका फळीवर ठेवतो आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलतो. बेताच्या उतारावर गाडी आपल्या वजनाने घरंगळली नाही, तर मोटरचा विषयही काढू नये.

दुसरी चूक क्रमाची आहे. मॉडेल पूर्ण चिकटवून, रंगवून, त्यावर चिखलाचे डाग काढून झाल्यावर ‘आता यात मोटर बसेल का?’ असे विचारणाऱ्याला मी काय उत्तर द्यावे? जागा नसते, असे नाही. तामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचे किट काढले तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावावी या हिशेबाने जो आकार ठरला, त्यातूनच १/३५ हे प्रमाण रूढ झाले. एन२० या छोट्या गिअर मोटरचा छेद १२ × १० मिलिमीटर असतो. दोन मोटरी एकमेकींच्या मागेपुढे सरकवून बसवल्या की अरुंद हलमध्येही (रणगाड्याच्या खालच्या धडात) काम भागते. मात्र त्यांच्यासाठी आधार आधी बसवावे लागतात आणि वरचा भाग चुंबकावर किंवा स्क्रूवर ठेवावा लागतो. स्प्रॉकेट, म्हणजे ट्रॅक ओढणारे दातेरी चाक, कोठे आहे, हेही आधीच पाहावे: सेंच्युरियन आणि टी-५५ मध्ये ते मागे असते, तर शर्मन आणि टायगरमध्ये पुढे. इंजिन मागे म्हणून मोटर मागे बसवून शर्मनच्या मागच्या मोकळ्या चाकाला फिरवू पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत.

वेगाचा सोसही आवरावा. स्प्रॉकेटचा व्यास १८ मिलिमीटर धरला तर एका फेऱ्यात गाडी सुमारे ५६ मिलिमीटर सरकते. मिनिटाला १०० फेरे घेणारी मोटर तिला सेकंदाला ९ सेंटिमीटरांहून थोडे अधिक नेते, आणि १/३५ प्रमाणानुसार त्याला ३५ ने गुणले की ताशी सुमारे १२ किलोमीटर होतात. खऱ्या सेंच्युरियनचा कमाल वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या पुढे जाण्याचे कारणच उरत नाही. मी १०० ते १५० वर थांबतो. १००० फेऱ्यांची मोटर लावलेला रणगाडा झुरळासारखा पळतो आणि वळताना जोर नसल्याने अडतो.

ट्रॅक ताणून बसवू नयेत. एकेक कडी चिकटवून जुळवायचे स्थिर ट्रॅक चालत्या गाडीला निरुपयोगी असतात.

मोटरींना वीज पुरवणारा एल२९८ ड्रायव्हर (सर्किट) स्वस्त मिळतो, पण तो साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातो. लहान बॅटरीवर डीआरव्ही८८३३ बरा. प्रत्येक मोटरच्या टोकांवर १०४ क्रमांकाचा सिरॅमिक कपॅसिटर डाख देऊन जोडावा, नाहीतर रिमोटचे संकेत घेणारा रिसीव्हर बिथरतो. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये आणि फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून ठेवू नये.

गाडी सरळ चालते पण वळताना बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर वळणाच्या भाराने व्होल्टेज पडून रिसीव्हर झोपत असतो. तेव्हा बॅटरी, बारीक वायर आणि चाकांचे घर्षण या तीन गोष्टी तपासाव्यात. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही मोटरींची अदलाबदल करावी. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष मोटरचा, त्याच बाजूला राहिली तर चाकांचा किंवा ट्रॅकचा. हे न करता रिमोटवरील ट्रिम (दिशा किंचित सुधारणारे बटण) फिरवून गाडी सरळ करणारा दोष फक्त झाकून ठेवतो. चाके मोकळी आहेत याची खात्री झाल्यावरही दोन मोटरींच्या वेगात किंचित फरक उरला, तरच ट्रिमला हात लावावा.