नवी बॅटरी घेण्याआधी: गाडीच्या बॅटरीची घरच्या घरी तपासणी

सकाळी कामावर निघताना गाडीचा सेल्फ लागत नाही, डॅशबोर्डावरचे दिवे मंदावतात, आणि मग शेजारच्या दोघांना हाक मारून धक्का द्यावा लागतो. असा प्रसंग आला की बहुतेक जण थेट बॅटरीच्या दुकानात जातात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मीही तेच केले. गोव्यात, डिचोलीतल्या माझ्या घराजवळच्या एका गॅरेजमधल्या मुलाने बॉनेट उघडून पाहिले आणि "काका, बॅटरी गेली, नवी घाला," असे सांगितले. मी ती घातली आणि तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा तशीच अडली. दोष बॅटरीत नव्हताच. तो कुठे होता हे पुढे येईल, पण तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे, की चार-पाच हजार रुपये खर्च करण्याआधी अर्धा तास आणि एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि अँपिअर मोजणारा मीटर) या कामासाठी द्यायलाच हवा.

प्रथम इशारा नेमका कोणता आहे ते ओळखावे. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचे लाल चिन्ह उजळते आणि इंजिन सुरू होताच विझते, हे बरोबर आहे. इंजिन चालू असताना ते चिन्ह पेटलेले राहिले किंवा वाटेत अचानक पेटले, तर त्याचा अर्थ असा की अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून, बॅटरीला वीज मिळत नाही आणि गाडी साठवलेल्या विजेवर चालली आहे. पट्टा तुटणे किंवा सैल होणे, अल्टरनेटरमधला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडणे, जोडणीची तार सुटणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अशा वेळी एसी, म्युझिक सिस्टम आणि मागच्या काचेचा हीटर बंद करावा, इंजिन मात्र बंद करू नये आणि जवळच्या गॅरेजकडे वळावे. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीच्या रांगेत तर मुळीच उभे राहू नये, कारण बोटीवर इंजिन बंद केले की पलीकडच्या धक्क्यावर ते पुन्हा सुरू होईल याची शाश्वती नसते. लाल चिन्हाबरोबर इंजिनच्या तापमानाचा काटाही चढू लागला, तर गाडी ताबडतोब बाजूला घेऊन थांबवावी; अनेक इंजिनांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो आणि पट्टा तुटल्यावर इंजिन थंड राहत नाही.

इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत बसल्यावर पडद्यावर बॅटरी कमी असल्याचा जो संदेश येतो, तो निराळा असतो. सेल्फसाठी पुरेशी वीज शिल्लक राहावी म्हणून गाडीनेच दिलेली ती सूचना आहे. ती एखाद्या वेळी आली तर चिंतेचे कारण नाही, पण पाच-दहा मिनिटांतच येऊ लागली तर तपासणी करावी. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय ज्या गाड्यांत आहे, त्यांत ही सोय काम करेनाशी होणे हेही बॅटरी कमजोर होत असल्याचे लवकर दिसणारे लक्षण असू शकते.

आता मीटरकडे वळू. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा, हातातली अंगठी, कडे किंवा बांगड्या काढाव्यात, आणि जवळपास विडी-सिगारेट पेटवू देऊ नये, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. पहिले माप गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी घ्यावे. नुकत्याच चाललेल्या गाडीची बॅटरी वरवरचा, फसवा आकडा दाखवते. दरवाजे बंद करून काही मिनिटे थांबावे आणि मग लाल टोक धन टर्मिनलला व काळे टोक ऋण टर्मिनलला लावावे. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी, आणि १२ च्या आसपास आले तर ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात; त्यामुळे नीट चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकून राहिला तर एक सेल आतून निकामी झाला असण्याची दाट शक्यता आहे, आणि तेथे नवी बॅटरी घेण्यावाचून पर्याय नाही.

दुसरे माप सेल्फ मारताना घ्यायचे असते आणि त्यासाठी दुसरा माणूस लागतो. मी पुतण्याला स्टीअरिंगवर बसवतो आणि स्वतः मीटरवर नजर ठेवतो. सेल्फ फिरत असताना आकडा १० च्या वर टिकला तर बॅटरीत जोर आहे. तो ९.६ च्या खाली घसरला, तर आधी सकाळचे माप आठवावे. सकाळी १२.६ असूनही सेल्फ मारताना आकडा असा कोसळत असेल तर आतल्या प्लेटा थकल्या आहेत. सकाळीच १२.१ असेल तर मात्र लगेच निकाल देऊ नये. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून पुन्हा तपासावी, कारण रिकाम्या बॅटरीची परीक्षा घेण्यात अर्थ नसतो. चार्जिंग सावकाश करावे: ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला (अँपिअर-तास हे साठवणीचे माप बॅटरीवर छापलेले असते) साडेतीन अँपिअरचा प्रवाह पुरेसा होतो.

तिसरी शक्यता माझ्या गाडीत होती. सेल्फला फक्त 'टक' असा आवाज यायचा, पण मीटर १२.४ च्या खाली उतरायचा नाही. याचा अर्थ बॅटरी वीज द्यायला तयार आहे, परंतु ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही. एक तर जोडणी खराब आहे, नाही तर सेल्फमध्येच बिघाड आहे. हे शोधण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा. निरोगी गाडीत हा फरक ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. माझ्या गाडीत तो पाच व्होल्टच्या वर गेला. गिअरबॉक्सवर बसवलेली अर्थिंगची जाड तार सोडवली, तेव्हा तिच्या टोकाशी हिरवट पावडर साचली होती, आतले तांब्याचे धागे बोटाच्या स्पर्शाने तुटत होते, आणि वरचे काळे आवरण मात्र नव्यासारखे दिसत होते. ती तार बदलल्यावर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काढून टाकलेली जुनी बॅटरी तोवर दुकानदाराने नेली होती, याची मला अजून हळहळ वाटते.

गोव्यात हा दोष विशेष लक्षात ठेवावा. मिरामार, कळंगुट किंवा कोलवा येथे समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा लागते, आणि पावसाळ्याचे चार महिने दमट हवेत कोणतीही उघडी जोडणी गंजते. टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर बुरशीसारखी पूड दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने ती घासावी, हे पाणी बॅटरीच्या झाकणांत जाऊ देऊ नये, आणि सारे कोरडे करून क्लॅम्प घट्ट बसवल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. सोडवताना ऋण तार आधी आणि जोडताना ती शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये. नाही तर पाना धन टर्मिनल व गाडीच्या अंगाला एकाच वेळी लागून ठिणगी उडते.

इंजिन चालू असतानाचे माप सोपे आहे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा, आणि हेडलाइट व एसीचा पंखा लावल्यावरही तो १३.५ च्या खाली फारसा जाऊ नये. १५ च्या वर सतत राहिला तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरी उकळते, तिचे पाणी आटते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज गरजेनुसार कमी-जास्त करतो, म्हणून तेथे एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये.

ही सगळी मापे ठीक येऊनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर वीज कोठेतरी झिरपत आहे. ऋण तार सोडवून, मीटरची लाल तार त्याच्या दहा अँपिअरच्या खाचेत घालून, मीटर ती तार आणि ऋण टर्मिनल यांच्या मधे लावावा, गाडी लॉक करावी आणि आतली यंत्रणा झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबावे. या काळात दरवाजा उघडू नये वा सेल्फ मारू नये, कारण मीटरचा फ्यूज उडतो. सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालतो. त्याहून बराच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा खाली येईल, त्या वाटेवर दोष आहे. नंतर बसवलेला स्टीरिओ, अलार्म किंवा कॅमेरा यांपासून सुरुवात करणे चांगले.

दोष नसतानाही बॅटरी उतरते, हे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या घरी पुन्हा पुन्हा दिसते. गाडी सहा-सहा महिने अंगणात झाकून ठेवलेली असते. केवळ ३० मिलिअँपिअरचा प्रवाह धरला तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण चोवीस दिवसांत निम्मी होते, आणि उष्ण हवेत ती आपोआप उतरते ते वेगळेच. रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि ते नंतर पूर्णपणे निघत नाहीत. म्हणून दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन नुसते चालवण्यापेक्षा घरच्यांना अर्ध्या तासाची खरी फेरी मारायला सांगावे. ते जमण्यासारखे नसेल तर जाण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण तार सोडवून ठेवावी.

बॅटरी खरोखरच गेली असेल तर नवी घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना पाहावा आणि वॉरंटी कार्डावर तारखेचा शिक्का मारून घ्यावा. जुनी बॅटरी शिसे आणि आम्ल यांनी भरलेली असते. ती भंगारवाल्याकडे किंवा शेताच्या बांधावर न टाकता दुकानातच परत द्यावी, बिलात तिची किंमतही वजा होते. नवी बसवल्यावर तिच्या वरच्या बाजूला चिकटपट्टी लावून तारीख आणि पहिल्या सकाळचा आकडा लिहून ठेवावा. माझ्या बॅटरीवर १२.७ लिहिले आहे, आणि दर मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, मी त्याच्या शेजारी नवा आकडा लिहितो.