परसातील झाडाची साप्ताहिक नोंद

परसातील मानकुराद आंब्याला मोहोर कधी आला हे गोव्यात बहुतेकांना आठवते, पण त्याची तांबूस पालवी कधी फुटली हे क्वचितच कोणी सांगू शकतो. ‘सीझनवॉच’ या भारतीय नागरिक-विज्ञान उपक्रमासाठी, म्हणजे सामान्य लोकांच्या नोंदींवर चालणाऱ्या अभ्यासासाठी, आंबा, फणस किंवा चिंचेचे एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याच झाडाची पाने, कळ्या, फुले आणि कच्ची-पिकलेली फळे ‘काहीच नाही’, ‘थोडी’ किंवा ‘पुष्कळ’ अशी नोंदवावीत. मोजत बसण्याची गरज नाही. ‘काहीच नाही’ ही नोंद कंटाळवाणी वाटली तरी गाळू नये, कारण मोहोराचा आरंभ नेमका ठरतो तो त्याआधीच्या रिकाम्या आठवड्यामुळेच. मुसळधार पावसात बल्कांवातून, म्हणजे घराच्या दर्शनी ओसरीतून, पाहिले तरी चालते, मात्र झाडाचा शेंडा दिसला पाहिजे.