पोर्ट वाइन प्यायली की नाक चोंदतं? माझा अनुभव

म्हापशात कोणाकडे जेवण असलं की पोर्ट वाइन हमखास, आणि दोन घोट गेले रे गेले की माझं नाक चोंदायचं, कान तापायचे, मानेवर लाल चट्टे. घरचे म्हणायचे, चढली याला! पण उर्राक (काजूच्या बोंडांची दारू) लिम्का-मिरची घालून प्यायलो तर काहीच नाही, मग चढली कसली? म्हणून काय प्यायलो, सोबत काय खाल्लं ते मोबाईलमध्ये लिहायला लागलो आणि यादी डॉक्टरांना दाखवली. त्या म्हणाल्या, रेड वाइन आंबताना हिस्टामिन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन) तयार होतं, दारूमुळे ते शरीरात मोडायलाही वेळ लागतो, आणि बर्फात नीट न ठेवलेल्या बांगड्यातही तेच, तळूनसुद्धा जात नाही. आमच्याकडे रेशाद (लाल मसाला भरलेला) बांगडा आणि वाइन एकाच टेबलावर! उर्राक, फेणी भट्टीतून काढलेली, त्यात हे नगण्य. आता वाइन बंद, बांगडा ताजाच, त्रास गेला. एका मित्राने अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन प्यायची आयडिया दिलेली, ती अजिबात नको, भलतीच गुंगी येते. दम लागला, ओठ सुजले तर थेट इस्पितळ गाठा. आणि मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर फेणीसुद्धा नाही, कोर्स संपल्यावरही ३ दिवस थांबा.