हेरकथेच्या कॉमिकचा पहिला अंक : या चुका टाळा

हेरकथेच्या कॉमिकचा पहिला अंक बहुतेकदा एकाच ठिकाणी फसतो. गुपितं पात्रांपासून लपवायची सोडून लेखक ती वाचकापासून लपवत बसतो. बारा पानं उलटली तरी नायिका कुणासाठी काम करते, बॅगेत काय आहे, मागावर असलेला माणूस कोण, यातलं काहीच कळत नाही. लेखकाला वाटतं, उत्कंठा वाढतेय. वाचक मात्र आपल्या नजरेतून काही सुटलं का म्हणून मागची पानं चाळतो, आणि तिथेही काही सापडलं नाही की अंक बाजूला ठेवतो.

यावर एक साधा तक्ता करावा. उभ्या रांगेत पात्रं, आडव्या रांगेत प्रसंग, आणि शेवटी एक ओळ वाचकाची. प्रत्येक प्रसंगाच्या अखेरीस कुणाला काय ठाऊक आहे ते लिहायचं. सलग दोन-तीन प्रसंग वाचकाची ओळ सगळ्यांत रिकामी दिसली, तर पटकथा तिथेच दुरुस्त करावी. बॅग आधीच बदलली गेली आहे हे वाचकाला माहीत आहे आणि नायिकेला नाही, एवढं केलं तरी ती लॉबीत निवांत बसलेली चौकटसुद्धा अंगावर येते. वाचकापासून राखून ठेवायचंच असेल तर पहिल्या अंकात एकच गुपित ठेवा.

दुसरी हौस म्हणजे पहिल्याच अंकात जग वाचवणं. खरी हेरगिरी किती किरकोळ वस्तूंवर चालते ते पाहा. 1953 साली ब्रुकलिनमध्ये पेपर टाकणाऱ्या एका मुलाच्या हातून पाच सेंटचं नाणं पडलं आणि त्याची दोन शकलं झाली. नाणं आतून पोकळ होतं आणि त्यात आकड्यांच्या रांगांचा इवलासा फोटो होता. चार वर्षं एफबीआयला तो उलगडला नाही. 1957 मध्ये एक सोव्हिएत हेर फुटून अमेरिकेच्या बाजूला आला, तेव्हा कुठे सांकेतिक लिपीची किल्ली मिळाली. आणि त्या मजकुरात होतं काय, तर त्याच हेराला सुखरूप पोहोचल्याबद्दल शुभेच्छा, काही सूचना आणि घरचे ठीक असल्याचा निरोप! पण त्याच हेराच्या जबाबातून रुडॉल्फ एबेल हा बडा सोव्हिएत हेर पकडला गेला. पहिल्या अंकाला एवढंच नाणं पुरतं. मोहीम छोटी असू द्या, पण ती त्याच अंकात तडीस न्या, आणि त्यातून निघालेला एक धागा मोकळा सोडा.

प्रमुखाच्या केबिनमध्ये चार पानं चालणारी बैठक सरळ कापा. टेबलाभोवती बसलेल्या माणसांच्या डोक्यावर संवादांचे भलेमोठे फुगे काढायला चित्रकारालाही जिवावर येतं.

आता छापील अंकातली हमखास चूक. उघडलेल्या अंकात सम क्रमांकाचं पान डावीकडे आणि विषम पान उजवीकडे येतं. फितुराचा चेहरा तुम्ही तेराव्या पानावर उघड केलात, तर बारावं पान वाचतानाच वाचकाची नजर तिकडे जाते आणि धक्क्याची हवा निघते. गौप्यस्फोट सम पानावर ठेवा आणि आधीच्या विषम पानाची शेवटची चौकट अशी सोडा, की पान उलटल्याशिवाय राहवणार नाही. जोडपानाचं मोठं चित्रही समवरच सुरू झालं पाहिजे. हे सगळं जुळल्यावर कुणी मध्ये एक जाहिरात घातली, तर पुढचं सगळं एक पान सरकतं, तेव्हा जाहिरातींच्या जागा पटकथेआधी ठरवा. मधोमध पिना मारायच्या अंकाची पानं चारच्या पटीतच लागतात, हेही तेव्हाच धरा. फोनवर खाली सरकवत वाचायच्या कॉमिकमध्ये पान उलटणं नसतंच. तिथे दोन चौकटींमधली लांब मोकळी जागा तेच काम करते.

‘हा कोण?’ असं वाचक विचारत असेल, तर दोष बहुधा वेशांतराचा असतो. कॉमिकमध्ये आवाज ऐकू येत नाही आणि चालण्याची लकबही दिसत नाही. मिशी लावून कोट बदलला की नायक खरोखरच दुसरा माणूस होतो. म्हणून प्रत्येक मुख्य पात्राला वेशांतरातही टिकणारी एक खूण द्या : खांद्यांची ठेवण, हात धरायची पद्धत, तुटकी भुवई. मग सगळी पात्रं नुसती काळी भरून पाहा. सावलीवरून ओळखू येत नसतील तर रेखाटन बदला.

सायलेन्सरमधून ‘फुस्स’ असा आवाज काढू नका. सायलेन्सर आवाज साधारण 20 ते 35 डेसिबलच कमी करतो, आणि पिस्तुलाचा मूळ बार 160 च्या आसपास असतो. शेजारच्या खोलीतल्या पहारेकऱ्याला तो ऐकू जाणारच, आणि पळापळीसाठी ते सोयीचंच आहे.

वाचकाला सोडवायला सांकेतिक मजकूर द्यायचा असेल तर जास्त जपून. इंग्रजीतली अक्षरं पुढे सरकवायची युक्ती देवनागरीत लंगडी पडते. प्रत्येक व्यंजन एक घर पुढे नेलं की ‘कागद’चं ‘खाघध’ होतं. काना जागच्या जागी राहतो आणि शब्दाचा सांगाडा उघडा पडतो. त्यापेक्षा आकडे वापरा : कितवं पान, कितवी चौकट, कितवा शब्द. किल्ली म्हणून हाच अंक चालतो. फक्त हा मजकूर मुद्रितशोधन संपल्यावरच तयार करा, कारण कुणी फुग्यातला एक शब्द जरी गाळला तरी पुढचे आकडे चुकतात, आणि असले मजकूर चिकाटीने सोडवणारे वाचक ते खपवून घेत नाहीत.

फुग्यांची मापं इंग्रजी कॉमिकवरून उचलू नका. तिथली अक्षरं बहुधा एकाच उंचीची कॅपिटल असतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते, म्हणून दोन ओळींतलं अंतर वाढवा. ‘दुसऱ्या’मधला र फुटत असेल किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे उडी मारत असेल, तर दर वेळी फॉन्टला दोष देऊ नका. फोटोशॉप, इनडिझाइनमध्ये मजकुराची मांडणी ‘वर्ल्ड-रेडी’वर आहे का ते आधी पाहा.

छपाईला धाडण्याआधी साध्या कागदावर प्रिंट काढून, घड्या घालून, पिना मारून नमुना अंक बनवा आणि पटकथा न वाचलेल्या कुणाला तरी द्या. वाचून झाल्यावर तीनच गोष्टी विचारा : कुणाला काय हवं होतं, ते मिळालं का, आणि कोण खोटं बोलतंय असं वाटलं. तिसऱ्याचं उत्तर चुकलं तर चालेल. पहिल्या दोन उत्तरांत गडबड झाली, तर तक्ता पुन्हा काढा.